विश्लेषण : ‘सर्व्हर डाऊन’ झालेले सरकारी सॉफ्टवेअर सावरते कसे?

सातबारा, कर्जमाफी, शिक्षकांच्या बदल्या. राज्यातील तीन मोठ्या संगणक प्रणाली अडखळल्या आणि पुन्हा उभ्या राहिल्या. त्या नव्या टेंडरमुळे सावरल्या की आणखी कशामुळे? आणि छत्रपती संभाजीनगरने त्यातून काय घ्यावे?

छत्रपती संभाजीनगर : तलाठी कार्यालय असो, महापालिकेचे झोन कार्यालय असो वा सेतू केंद्र, एक वाक्य प्रत्येकाने कधी ना कधी ऐकलेले असते. ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.’ ऐकणारा माघारी फिरतो. त्याची दिवसाची मजुरी बुडते, रिक्षाचे किंवा एसटीचे भाडे जाते आणि काम तिथेच राहते. सांगणाऱ्या कर्मचाऱ्याच्याही हातात फारसे काही नसते. कोट्यवधी खर्चून घेतलेली प्रणाली अशी अडकून बसली की तिला वाचवायचे कसे, हा प्रश्न तांत्रिक वाटतो. राज्यातील अनुभव मात्र सांगतो की त्याचे उत्तर बऱ्याचदा संगणकाच्या बाहेर असते.

हा विषय आत्ताच का महत्त्वाचा?

केंद्राचे स्मार्ट सिटी मिशन जून २०१५ मध्ये सुरू झाले. सप्टेंबर २०१६ मध्ये जाहीर झालेल्या यादीत तेव्हाच्या औरंगाबादचा समावेश झाला. शहर बस, सीसीटीव्ही कॅमेरे, ई-गव्हर्नन्स अशी कामे या छत्राखाली उभी राहिली. वेळोवेळी मिळालेल्या मुदतवाढीनंतर ३१ मार्च २०२५ रोजी मिशनची मुदत संपली.

म्हणजे केंद्राच्या पैशाचा नळ बंद झाला, पण उभारलेल्या प्रणाली तर रोज चालवायच्या आहेत. रस्ता बांधला की तो काही वर्षे तरी तग धरतो. सॉफ्टवेअरचे तसे नाही. सर्व्हरचे भाडे, परवान्यांचे नूतनीकरण, सुरक्षेच्या दुरुस्त्या, बदललेल्या शासन निर्णयानुसार करायचे फेरफार हा खर्च दरवर्षीचा असतो. उद्घाटनाची कोनशिला एकदाच बसते, देखभालीचे बिल मात्र थांबत नाही. ज्या स्थानिक संस्थेला रस्ते, पाणी आणि पगार भागवतानाच ओढाताण करावी लागते, तिच्या अंदाजपत्रकात या खर्चाला शेवटची जागा मिळते. प्रणाली आजारी पडायला सुरुवात होते ती इथून. मिशनमधल्या देशभरातल्या १०० शहरांपुढे हाच प्रश्न आहे.

बिघाड नेमका कुठे असतो?

सरकारी प्रणालीचे ढोबळमानाने चार थर असतात. पहिला थर यंत्रणेचा : सर्व्हर, इंटरनेट, वीज, संगणक. दुसरा प्रोग्रॅमचा, म्हणजे प्रत्यक्ष सॉफ्टवेअरचा. तिसरा नोंदींचा, म्हणजे डेटाचा. चौथा कामाच्या पद्धतीचा : अर्ज कुणाकडे जाणार, सही कुणाची, चूक झाली तर दुरुस्तीचा अधिकार कुणाला.

नागरिकाला आणि बातमीलाही दिसतो तो पहिला थर. त्यामुळे उपायही तिथलाच सुचतो : मोठा सर्व्हर घ्या. पण समजा, मालमत्ता कराच्या यादीत एकाच घराच्या दोन नोंदी आहेत आणि त्यातील एक मृत वडिलांच्या नावावर आहे. मोठ्या सर्व्हरने इतकेच होईल की चुकीचे बिल जास्त वेगाने निघेल. तिसऱ्या आणि चौथ्या थरातले दुखणे पहिल्या थराच्या औषधाने बरे होत नाही. राज्यात हा धडा सर्वांत मोठ्या प्रमाणावर मिळाला तो सातबाऱ्याच्या निमित्ताने.

सातबाऱ्याचे काय झाले होते?

गाव नमुना ७ म्हणजे जमिनीवरील हक्कांची नोंद, गाव नमुना १२ म्हणजे पिकांची. दोन्ही मिळून सातबारा. राज्यात असे सुमारे अडीच कोटी सातबारा आहेत. ते संगणकावर घेण्याचे काम २००० च्या दशकात तालुका पातळीवर झाले. हस्तलिखित उतारे बघून मजकूर टाइप करण्यात आला. पुढे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या पुणे येथील चमूने ‘ई-फेरफार’ प्रणाली तयार केली. खरेदीखत नोंदवले गेले की माहिती थेट तलाठ्याच्या संगणकावर यावी, फेरफार नोंद तयार व्हावी, नोटीस निघावी, हरकतीची मुदत संपल्यावर मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित करावी आणि सातबारा आपोआप बदलावा, अशी ही रचना. कागदावर उत्तम.

प्रत्यक्षात २०१६ च्या आसपास राज्यभरातून तक्रारी येऊ लागल्या. सर्व्हर संथ, एक नोंद घ्यायला तासन् तास, खेड्यात नेटवर्क नाही. तलाठ्यांच्या संघटनेने आंदोलने केली. लॅपटॉप, इंटरनेट आणि चालणारा सर्व्हर द्या, ही त्यांची मागणी होती. त्यात एक पेच होता. जिथे ऑनलाइन प्रणाली लागू झाली तिथे हस्तलिखित सातबारा देणे बंद होत गेले. खरिपाच्या तोंडावर पीककर्जासाठी बँकेला उतारा हवा, संगणक तो देत नाही आणि हाताने लिहिलेला चालत नाही. शेतकरी दोन्हीकडून अडकला.

पण संथ सर्व्हर हा दुखण्याचा वरचा पापुद्रा होता. खाली वेगळेच काही होते. टाइप केलेला सातबारा आणि मूळ हस्तलिखित सातबारा अनेक ठिकाणी जुळत नव्हते. कुठे नावात चूक, कुठे ‘इतर हक्क’ या रकान्यातला बोजा सुटलेला, कुठे खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज गटाच्या एकूण क्षेत्राशी न जुळणारी. उदाहरणार्थ, गट २ हेक्टरचा आणि तीन भावांच्या नावावरचे क्षेत्र मिळून १ हेक्टर ८० आर. हाताने लिहिताना हे खपून गेले. संगणक बेरीज करतो, त्यामुळे तो अडून बसला.

मग सातबारा सावरला कसा?

जुनी प्रणाली टाकून नवी घ्यायची, असे महसूल विभागाने केले नाही. आधी नोंदी दुरुस्त करायच्या, असा रस्ता धरला. संगणकातील आणि हस्तलिखित सातबारा शेजारी ठेवून तपासायचे, चूक दुरुस्त करायची आणि ती कोणी केली याची खूण ठेवायची, अशी सोय प्रणालीत केली गेली. ‘एडिट मॉड्यूल’ आणि नंतर ‘री-एडिट मॉड्यूल’ हे शब्द तेव्हा तलाठ्यांच्या तोंडी बसले. कुठल्या गटात बेरीज चुकते, कुठे खाते दुबार आहे, याचे अहवाल संगणकच काढून देऊ लागला. काम संपल्यावर गावनिहाय घोषणापत्रे घेतली गेली. म्हणजे ‘या गावाच्या नोंदी तपासल्या’ याखाली एका अधिकाऱ्याची सही आली.

दुसरे पाऊल आणखी महत्त्वाचे होते. २०१७ मध्ये राज्यात चावडी वाचनाची मोहीम झाली. संगणकातून काढलेले सातबारा गावात वाचून दाखवायचे आणि खातेदारांनी चूक दाखवायची. ज्या प्रकाराला सॉफ्टवेअर कंपन्यांत ‘वापरकर्त्याकडून चाचणी’ म्हणतात, तो महसूल खात्याने आपल्या जुन्या पद्धतीने गावाच्या चावडीवर केला. आपल्या बांधाचे क्षेत्र किती आणि आजोबांचे नाव काय, हे तपासायला शेतकऱ्याइतका चांगला परीक्षक दुसरा कोण?

त्यानंतर १ मे २०१८ रोजी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा जाहीर झाला. आज १५ रुपयांत तो मोबाइलवर मिळतो. त्यावर क्यूआर कोड आणि पडताळणी क्रमांक असतो, तलाठ्याच्या सही-शिक्क्याची गरज पडत नाही. सगळ्या चुका संपल्या असे नाही. लेखनप्रमाद दुरुस्त करण्यासाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदाराकडे आजही अर्ज येतात. तरीही सर्व्हर सुधारणे आणि नोंदी सुधारणे ही दोन कामे वेगळी धरली आणि दुसरे गावापर्यंत नेले, म्हणून ही प्रणाली तगली.

पुढच्या पिढीच्या ॲपने हा धडा घेतला का?

बऱ्याच अंशी. पिकांची नोंद शेतकऱ्याने स्वतः करावी यासाठी ‘ई-पीक पाहणी’ ॲप १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर आले. पहिल्या हंगामात नेटवर्क, ॲप बंद पडणे, चुकीचा गट निवडला जाणे अशा तक्रारी झाल्याच. पुढच्या वर्षी १ ऑगस्ट २०२२ पासून सुधारित आवृत्ती आली. तिच्यातले बदल बघण्यासारखे आहेत. शेतकऱ्याने केलेली नोंद खरी धरायची, तलाठ्याने त्यातील १० टक्केच तपासायच्या आणि चूक झाल्यास शेतकऱ्याला ४८ तासांत एकदा स्वतःच दुरुस्तीची मुभा द्यायची.

यामुळे प्रत्येक नोंद तलाठ्याच्या मंजुरीसाठी तुंबून राहायचे कारण उरले नाही. सर्व्हर न वाढवता रांग कमी करण्याचा हा मार्ग. इथे कामाची पद्धत बदलली आणि ॲप तिच्यामागे गेले.

कर्जमाफीच्या दोन योजना, दोन वेगळे अनुभव का?

२४ जून २०१७ रोजी राज्य सरकारने छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना जाहीर केली. तेव्हा जाहीर झालेला आकडा ३४ हजार २२ कोटी रुपये आणि ८९ लाख शेतकऱ्यांचा होता. प्रत्येक शेतकऱ्याने ऑनलाइन अर्ज भरायचा होता. केंद्रांवर रात्री उशिरापर्यंत रांगा लागल्या, सर्व्हर अडखळला, मुदत वाढवून २२ सप्टेंबरपर्यंत न्यावी लागली. दिवाळीच्या तोंडावर, १८ ऑक्टोबर रोजी पहिल्या शेतकऱ्यांना प्रमाणपत्रे दिली गेली. त्यानंतर याद्यांतील विसंगती समोर आल्या. शेतकऱ्याने भरलेली माहिती आणि बँकेने पाठवलेली माहिती जुळेना. आधार क्रमांकांचे, खाते क्रमांकांचे घोळ निघाले आणि रक्कम खात्यात जाण्याचे वेळापत्रक कोलमडले.

डिसेंबर २०१९ मध्ये वेगळ्या सरकारने महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना आणली. दोन लाखांपर्यंतच्या थकीत पीककर्जासाठीची ही योजना. या वेळी शेतकऱ्याकडून अर्ज मागवलाच नाही. कर्जाची माहिती बँकेकडे आहे, तर ती बँकेनेच द्यावी, असे ठरले. मग गावनिहाय याद्या लागल्या. शेतकऱ्याने केंद्रावर जायचे, अंगठा लावून आधार पटवायचे आणि दाखवलेली रक्कम मान्य आहे की नाही एवढेच सांगायचे. मान्य नसेल तर तक्रार आपोआप संबंधित यंत्रणेकडे जाणार. २४ फेब्रुवारी २०२० रोजी पहिली यादी आली तीही सगळ्या राज्याची नव्हती. प्रत्येक जिल्ह्यातील दोन गावे याप्रमाणे ६८ गावे निवडली होती. त्यांत काय अडते ते पाहून पुढच्या याद्या लागल्या.

कोणाची योजना चांगली, हा राजकीय वाद बाजूला ठेवू. प्रणाली म्हणून पाहिले तर दोन फरक ठळक दिसतात. पहिला, जी माहिती आधीच कुठेतरी आहे ती नागरिकाकडून पुन्हा भरून घेतली नाही. दुसरा, आधी ६८ गावे आणि मग राज्य, हा क्रम. पाणी किती खोल आहे ते एका पायाने बघायचे असते.

जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्यांत काय घडले?

स्थानिक स्वराज्य संस्थांतले हे सर्वांत बोलके उदाहरण. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षकांच्या बदल्यांसाठी २७ फेब्रुवारी २०१७ च्या शासन निर्णयाने ऑनलाइन धोरण आले आणि २०१८ मध्ये राज्यभर त्यानुसार बदल्या झाल्या. वशिला संपवणे हा त्यामागचा हेतू. पण शिक्षकाने भरलेली माहिती आधी पडताळण्याची भक्कम व्यवस्था नव्हती. गंभीर आजाराचे दाखले, पती-पत्नीच्या शाळांमधले अंतर यांत चुकीची माहिती भरून सोयीची शाळा मिळवल्याच्या तक्रारी झाल्या. प्रामाणिकपणे अर्ज भरलेले अनेक शिक्षक विस्थापित झाले. चौकश्या लागल्या, काही जण न्यायालयात गेले.

लक्षात घेण्यासारखे हे की सॉफ्टवेअरने नियमाप्रमाणेच बदल्या केल्या होत्या. खोटी माहिती खरी मानून त्याने इमानेइतबारे काम केले. त्यामुळे दुरुस्तीही नियमांपासून सुरू करावी लागली. पुणे जिल्हा परिषदेचे तत्कालीन मुख्य कार्यकारी अधिकारी आयुष प्रसाद यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने काम केले, ७ एप्रिल २०२१ रोजी सुधारित धोरण आले आणि त्यावर बेतलेली नवी प्रणाली २०२२ मध्ये वापरात आली. बदलीच्या फेऱ्या सुरू होण्याआधी माहितीची पडताळणी, याद्यांची प्रसिद्धी आणि हरकतीची संधी, असे टप्पे त्यात आले. म्हणजे इथे सॉफ्टवेअर नवीन लिहिले गेले खरे, पण आधी धोरण दुरुस्त झाले.

माणसे वाढवली किंवा नवे टेंडर काढले तर?

प्रकल्प रखडला की पहिली सूचना हीच येते. आयबीएमची एक मोठी प्रणाली उभारण्याचे काम सांभाळलेले अमेरिकन संगणकतज्ज्ञ फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्ये मांडलेले एक निरीक्षण आजही अभियांत्रिकीच्या वर्गात शिकवले जाते. उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पावर आणखी माणसे लावली तर उशीर वाढतो. नव्या लोकांना समजावून सांगण्यात जुन्यांचा वेळ जातो. स्वयंपाक निम्मा झाल्यावर चार नवे आचारी आणले, तर ते आधी मिठाचा डबा कुठे आहे तेच विचारतील.

पूर्ण नव्या प्रणालीवर उडी मारण्याचा धोका ब्रिटनमधल्या बर्मिंगहॅम महापालिकेने दाखवला. एप्रिल २०२२ मध्ये तिने हिशेब आणि मनुष्यबळाची जुनी प्रणाली सोडून ओरॅकलची नवी प्रणाली सुरू केली. तयार प्रणाली आपल्या जुन्या सवयींप्रमाणे वाकवण्याचा प्रयत्न झाला आणि तोच अंगाशी आला. पालिकेला स्वतःचे हिशेबच नीट जुळवता येईनात. सुमारे १.९ कोटी पौंडांचा मूळ अंदाज पुढे कित्येक पटींनी फुगला. सप्टेंबर २०२३ मध्ये पालिकेने आपण आर्थिकदृष्ट्या अडचणीत असल्याची कायदेशीर नोटीस काढली. समान वेतनाच्या दाव्यांची देणी हे त्याचे मोठे कारण होते, पण या प्रणालीचा बोजाही त्यात होता.

याउलट अमेरिकेतील आरोग्य विम्याचे सरकारी संकेतस्थळ १ ऑक्टोबर २०१३ रोजी सुरू होताच कोसळले. पहिल्या दिवशी देशभरातून अवघ्या सहा जणांची नोंदणी पूर्ण झाली. मदतीला आलेल्या छोट्या चमूने संकेतस्थळ फेकून दिले नाही. आधी कुठे काय अडते आहे ते सगळ्यांना एकाच पडद्यावर दिसेल अशी सोय केली. मग रोज बैठक, रोज सर्वांत जाचक अडचण आधी, हा क्रम ठेवला. दोन महिन्यांत ते बहुतेकांसाठी चालू लागले. चमूने सांगितलेली गोष्ट साधीच होती : किती अर्ज आले, किती अडले आणि कुठे अडले, हे आधी मोजा. आपल्याकडे किती कार्यालयांत हे मोजले जाते?

कागद कधी टाकायचा?

घाईने नाही. राज्यात डिसेंबर २०२० मध्ये एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली. बांधकाम परवानगीसाठी ऑनलाइन प्रणालीही लागू करण्यात आली. सुरुवातीच्या अडचणींमुळे ऑफलाइन प्रस्तावांना मुभा द्यावी लागली. ‘डिजिटल’च्या उत्साहात ही माघार वाटू शकते. पण नवी प्रणाली स्थिरावेपर्यंत जुनी वाट कायदेशीररीत्या उघडी ठेवणे हा शहाणपणा आहे. सातबाऱ्याच्या वेळी शेतकऱ्याची कोंडी झाली ती हीच वाट आधी बंद झाल्यामुळे.

जुन्या कागदाची किंमत मराठवाड्याला वेगळी सांगायला नको. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे इथले जुने महसुली दस्त उर्दूत आणि मोडीत आहेत. सप्टेंबर २०२३ मध्ये नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा अभिलेख कक्षांतील हीच बाडे बाहेर काढावी लागली, मोडी आणि उर्दू वाचणारे शोधावे लागले. सापडलेल्या नोंदी स्कॅन करून संकेतस्थळांवर टाकण्यात आल्या. एका जुन्या पानावरच्या एका शब्दावर एखाद्या कुटुंबाचा दाखला अवलंबून असू शकतो. संगणकात घेतलेली नोंद ही त्या पानाची नक्कल आहे. वाद झाला तर मूळ पान लागते. म्हणून स्कॅन झाले की मूळ कागद रद्दीत, हा विचार महाग पडतो.

थोडक्यात, सावरण्याचा क्रम कोणता?

या उदाहरणांतून एक क्रम हाती लागतो.

पहिले, नवी कामे थांबवा. प्रणाली अडखळत असताना तिच्यात आणखी एक सेवा, आणखी एक डॅशबोर्ड जोडू नका.

दुसरे, मोजा. रोज किती अर्ज आले, किती निकाली निघाले, किती कोणत्या टेबलावर अडले.

तिसरे, नोंदी तपासा आणि त्या ज्यांच्या आहेत त्यांच्यासमोर ठेवा. गावात चावडी असते. शहरात झोनवार याद्या आणि मोबाइलवर येणारा दुरुस्तीचा दुवा हे काम करू शकतात.

चौथे, चूक दुरुस्त करण्याचा अधिकार सर्वांत खालच्या योग्य पातळीवर द्या, पण कोणी काय बदलले याची नोंद ठेवा.

पाचवे, एका अधिकाऱ्याचे नाव ठरवा. कंपनी म्हणते विभागाने माहिती दिली नाही, विभाग म्हणतो कंपनीने काम केले नाही. या दोघांच्या मध्ये उभा राहणारा, निदान दोन वर्षे न बदलणारा माणूस लागतो.

सहावे, एका झोनमध्ये किंवा एका तालुक्यात चालवून बघा, मग पसरा.

नवे टेंडर या यादीत सातवे येते. एखादी प्रणाली खरोखरच मोडीत काढण्याजोगी असते. कंपनी निघून गेली, मूळ प्रोग्रॅम हाती नाही, सुरक्षेच्या दुरुस्त्या थांबल्या, तर पर्याय उरत नाही. पण पहिली सहा पावले न टाकता नवे टेंडर काढले, तर जुन्या चुकाच नव्या कपड्यात येतात.

करारात काय पाहायचे?

सावरण्याची निम्मी लढाई करार होतानाच जिंकली किंवा हरली जाते. नोंदी कुणाच्या मालकीच्या? करार संपल्यावर कंपनी त्या वाचता येतील अशा स्वरूपात परत देणार का? मूळ प्रोग्रॅमची प्रत संस्थेकडे राहणार का? प्रणाली बंद पडल्यास किती तासांत दुरुस्ती आणि न झाल्यास दंड किती? कंपनीला पैसे संगणक बसवल्याचे मिळणार की नागरिकाला दाखला मिळाल्याचे?

शेवटचा प्रश्न कळीचा आहे. बिल ‘प्रणाली बसवली’ यावर निघत असेल तर कंपनीचे काम उद्घाटनाच्या दिवशी संपते. नागरिकाचे काम त्या दिवशी सुरू होते.

छत्रपती संभाजीनगरने काय विचारावे?

स्मार्ट सिटीच्या काळात उभ्या राहिलेल्या प्रत्येक प्रणालीसाठी महापालिकेने एका पानाची माहिती जाहीर करायला हरकत नाही : ती कोण चालवते, करार कधी संपतो, वर्षाचा खर्च किती, जबाबदार अधिकारी कोण आणि गेल्या महिन्यात ती किती तास बंद होती. अंदाजपत्रकात देखभालीचा वेगळा शीर्ष असावा. मालमत्ता कराच्या आणि पाणीपट्टीच्या नोंदींचे ‘चावडी वाचन’ झोनवार होऊ शकते. जिल्ह्यातल्या नऊ तालुक्यांत महसूल खात्याने जे केले, ते शहराला अशक्य नाही. वादग्रस्त नोंदी आधीच निघाल्या तर वसुलीही सोपी होईल, कारण चुकीच्या बिलावर कोणी आनंदाने पैसे भरत नाही.

आणि नागरिकांच्या हातात काय आहे?

‘उद्या या’ हे उत्तर कायद्याला मान्य नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणे हा हक्क आहे. अर्ज स्वीकारल्याची पोच आणि क्रमांक मिळायला हवा. मुदतीत सेवा न मिळाल्यास वरिष्ठ अधिकाऱ्याकडे प्रथम अपील, त्यानंतर द्वितीय अपील आणि शेवटी राज्य सेवा हक्क आयोग, अशी पायरी आहे. विनाकारण विलंब करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५ हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

म्हणून सर्व्हर बंद असेल तरी अर्ज देऊन पोच मागा. मुदत त्या पोचेपासून मोजली जाते. अर्ज न देता परतलात तर तुम्ही आल्याची नोंद कुठेच राहत नाही आणि त्या दिवशी प्रणाली बंद होती याचीही नाही. अडलेले अर्ज मोजले गेले तरच प्रणाली आजारी असल्याचे वरच्या कार्यालयाला दिसते आणि दिसले तरच ती सावरण्याचे काम सुरू होते.